रिमोट चावीचा सेल उतरला, गाडी उघडेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता गाडीपाशी अडकून उभे असाल तर आधी एवढंच करा. रिमोटच्या कडेची छोटी खिट्टी सरकवा आणि आतली धातूची चावी बाहेर ओढा. तिने ड्रायव्हरचं दार उघडा. आत बसून ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक, गिअरच्या गाडीत क्लच (काही गाड्यांत दोन्ही) पूर्ण दाबा, रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणावर टेकवा आणि ते बटण दाबा. बहुतेक गाड्या एवढ्यानं सुरू होतात. बाकीचं घरी पोहोचून वाचलं तरी चालेल.

सेल पूर्ण संपलाय, तरी गाडी सुरू होतेच कशी?

बटणाच्या गाडीची चावी म्हणजे एकाच डबीत बसवलेल्या चार वेगळ्या गोष्टी असतात. एक, बटण दाबून दार उघडणारा रिमोट. दोन, चावी खिशात असतानाच तुम्हाला ओळखणारा भाग. तीन, इमोबिलायझरची चिप, जी ओळखल्याशिवाय गाडी इंजिन सुरू होऊ देत नाही. चार, धातूची चावी. यातल्या पहिल्या दोघांनाच सेल लागतो.

दाराच्या हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झची हाक देते. ती जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंत पोहोचते. रिमोट ती ऐकतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. ऐकायला आणि उत्तर द्यायला वीज लागते, म्हणून सेल गेला की हा संवाद थांबतो. चिपचं मात्र तसं नाही. स्टार्ट बटणामागे तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला लागेल तेवढी वीज मिळते. फक्त अंतर दोन-चार सेंटिमीटर हवं. रिमोट बटणाला टेकवायचा तो यासाठी.

सेल कमजोर झालाय हे आधी कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे अंतर घटतं. पूर्वी पार्किंगच्या टोकावरून उघडणारी गाडी आता दोन पावलांवरूनच उघडते. मग एकदा दाबून भागत नाही, दोनतीनदा दाबावं लागतं. रिमोटवरचा बारीक लाल दिवा मंद होतो किंवा लागून लगेच विझतो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं किंवा सेल कमी असल्याचा संदेश येतो. तो दिसला की त्याच आठवड्यात सेल बदला. संदेश आल्यावर किती दिवस मिळतील हे प्रत्येक रिमोटचं वेगळं असतं.

सकाळी चालत नाही, दुपारी चालतो, अशी तक्रार बरेच जण करतात. तीही सेलचीच खूण. सेल जुना होतो तसा त्याचा आतला विद्युत-रोध वाढतो आणि गारव्यात आणखी वाढतो. संदेश पाठवताना रिमोट क्षणभर दहा-पंधरा मिलिअँपिअर ओढतो. म्हातारा सेल तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि संदेश अर्धवट राहतो. दुपारी ऊन लागलं की तोच सेल पुन्हा तग धरतो.

बटणाने दार उघडतं, पण हँडलला हात लावून उघडत नाही. सेलच गेला असेल ना?

बटण लांबूनही व्यवस्थित चालत असेल तर सेलवर संशय घेण्याआधी इतर गोष्टी बघा. रिमोट आणि मोबाईल एकाच खिशात आहेत का? पर्समध्ये रिमोट पॉवर बँकेला चिकटलाय का? गाडीत वायरलेस चार्जरच्या पॅडवर चावी ठेवायची सवय असेल तर ती सोडा. तो पॅड साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झमध्ये काम करतो, म्हणजे गाडीच्या हाकेच्या अगदी शेजारी. त्या गोंगाटात रिमोटला हाक ऐकू येत नाही आणि गाडी म्हणते चावी सापडली नाही.

यातलं काही नसेल तर हँडलवरचं बटण धूळ किंवा पाणी जाऊन खराब झालेलं असू शकतं. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल चालत नाही आणि शेजारच्या दाराचं चालतं, असं असेल तर दोष नक्की गाडीत आहे, रिमोटमध्ये नाही.

धातूची चावी काढली, पण दाराला भोकच दिसत नाही!

भोक असतं, झाकलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला रंगवलेली प्लास्टिकची टोपी असते. तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच सापडते. धातूच्या चावीचं टोक त्या खाचेत घालून हलकेच वर उचला. काही गाड्यांत हँडल बाहेर ओढून धरल्याशिवाय टोपी निघत नाही.

वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप घट्ट झालेलं असतं. जोर लावून पिळू नका, ही चावी पातळ असते आणि वाकते. ती मागेपुढे हलवत थोडी थोडी फिरवा. वर्षातून एकदा भोकात ग्रॅफाइटची पूड किंवा कुलपांसाठीचा कोरडा स्प्रे मारावा. खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल नको, त्यात धूळ बसून चिखल होतो.

रिमोटने लॉक केलेली गाडी धातूच्या चावीने उघडली की काही गाड्यांचा अलार्म वाजायला लागतो. गांगरू नका. रिमोट बटणाला टेकवून गाडी सुरू केली की चिप ओळखली जाते आणि अलार्म थांबतो.

रिमोट नेमका कुठे टेकवायचा?

मारुती सुझुकीच्या बटणाच्या गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणालाच लावायचा. ह्युंदाईत बोटाऐवजी रिमोटनेच बटण दाबायचं. टोयोटात रिमोटची बोधचिन्हाची बाजू बटणाला लावायची, आवाज आला की दहा सेकंदांच्या आत बटण दाबायचं. इतर काही गाड्यांत ही जागा स्टिअरिंगच्या दांड्याच्या कडेला, कप ठेवायच्या खळग्यात किंवा गिअरजवळच्या कप्प्यात असते आणि तिथे चावीचं चित्र कोरलेलं असतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ते पान शोधा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. सेल चांगला असताना एकदा करूनही बघा.

टेकवूनही ओळख पटत नसेल तर रिमोटचं जाड कव्हर काढा, धातूचं असेल तर नक्कीच काढा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चावी असेल तर ती बाजूला करा. दोन चिपा शेजारी असल्या की एकमेकींचा आवाज दाबतात.

दोष रिमोटच्या सेलचा की गाडीच्या मोठ्या बॅटरीचा?

धातूच्या चावीने दार उघडल्यावर आतला दिवा बघा. डॅशबोर्ड लखलखीत उजळतोय आणि चावी सापडत नसल्याचा संदेश आहे, तर प्रश्न रिमोटचा. आतला दिवा मिणमिणता आहे किंवा लागतच नाही, बटण दाबल्यावर टकटक आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, तर १२ व्होल्टची बॅटरी उतरलीय. तिथे रिमोट कितीही टेकवला तरी उपयोग नाही, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबलच लागेल. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी समजा.

घरात दुसरी चावी असेल तर निवाडा आणखी सोपा. दोन्ही रिमोट एकाच दिवशी बंद पडले तर आधी गाडीकडे बघा. मात्र दुसरी चावी तीन वर्षं कपाटात पडून असेल तर तिची साक्ष धरू नका. ती वापरात नसली तरी तिचा कान सतत उघडा असतो, सेल तिचाही संपतो.

सेल कोणता आणायचा?

जुना सेल काढून त्यावर कोरलेला आकडा वाचा आणि तोच आणा. बटणाच्या बहुतेक गाड्यांत सीआर २०३२ असतो. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. नंतरचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड असतो. सीआर १६२०, सीआर १६३२ आणि जाडजूड सीआर २४५० हेही काही रिमोटमध्ये सापडतात. सगळे ३ व्होल्टचेच.

म्हणूनच दुकानदार म्हणतो, ‘साहेब, हाच बसवा, व्होल्टेज एकच आहे’. ऐकू नका. २०३२ च्या जागी २०२५ बसवला तर ०.७ मिलिमीटरची फट राहते. टेबलावर रिमोट चालतो, खिशात हिसका बसला की संपर्क तुटतो. उलटा प्रयोग केला तर सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या कायमच्या वाकतात. फटीत चांदीचा कागद घालायचा उपाय तर अजिबात नको, तो सरकून शॉर्ट होतो.

एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल दिसायला हुबेहूब असतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. रिमोटची चिप त्यासाठी बनवलेली नसते.

घड्याळवाल्याकडे सेल मिळतो, पण नामांकित कंपनीचा, सीलबंद पाकिटातला आणि वापराची मुदत छापलेला घ्या. सुटे, स्वस्त सेल बऱ्याचदा वर्षानुवर्षं पडून अर्धे झालेले किंवा सरळ नकली असतात.

घरी बदलता येतो का? कसा?

येतो, पाच मिनिटांचं काम आहे. सर्व्हिस सेंटरला नुसत्या सेलसाठी जायची गरज नाही.

१. टेबलावर पांढरा कपडा अंथरा, म्हणजे उडालेला बारीक भाग सापडतो. आधी धातूची चावी बाहेर काढा.

२. चावी निघाली त्या पोकळीत किंवा कडेला एक खाच दिसते. सपाट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून, किंवा नाणं खाचेत घालून, हळू पिळा. टक् असा आवाज आला की कडेकडेने पुढे सरका. एकाच जागी जोर दिला तर आतले प्लास्टिकचे दात तुटतात आणि मग डबी कधीच नीट बंद होत नाही. काही रिमोटमध्ये बारीक स्क्रूही असतो, आधी तो शोधा.

३. उघडल्यावर लगेच फोटो काढा. सेलची अक्षरांची रुंद बाजू धन असते. ती वर होती की खाली, एवढंच नंतर आठवत नाही.

४. सेल प्लास्टिकच्या काडीने किंवा नखाने उचला. धातूचा चिमटा नको. सेलची कडासुद्धा धन असते, चिमटा कडेला आणि तळाला एकदम लागला की शॉर्ट होतो.

५. पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवा. पट्टी चपटी पडली असेल तर नखाने केसभर वर उचला, जास्त नाही.

६. नवा सेल कडेने धरा. बोटाचं तेल सपाट भागावर लागलं तर पुसून घ्या. बसवा, रबरी पट्टी तिच्या खाचेत आहे ना ते बघा, आणि डबी चारही बाजूंनी दाबून बंद करा.

खटक्याने उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चावीत आणखी एक सावधगिरी हवी. त्यात इमोबिलायझरची चिप काही वेळा वेगळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी वडी किंवा काचेची नळी अशी, खाचेत नुसती ठेवलेली असते. डबी उघडताना ती पडली आणि केरात गेली, तर नव्या सेलने दार उघडेल, गाडी मात्र सुरू होणार नाही. सेल बदलल्यावर गाडी सुरूच होईना अशा तक्रारीत आधी ही चिप शोधा.

नवा सेल टाकला, तरी रिमोट मेलेलाच. आता?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. सेल उलटा बसलाय का ते बघा. सेलवरचा पारदर्शक कागद काढायचा राहिलाय का? काही कंपन्या मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. तो लेप पट्टीखाली आला तर संपर्क होत नाही. अल्कोहोलने सेल पुसा आणि पुन्हा बसवा.

मग डबी उघडी ठेवून सेल बोटाने पट्टीवर दाबून धरा आणि बटण दाबा. दाबून धरल्यावर दिवा लागतो, सोडल्यावर नाही, म्हणजे पट्टी सैल आहे. दिवा लागतो पण गाडी ऐकत नाही, तर गाडीजवळ जाऊन लॉकचं बटण दोनतीनदा दाबा. दिवाच लागत नसेल तर नवा सेलच वाईट निघालाय का ते मीटरवर बघा.

सर्किटवर सेलधारकाचे पाय जिथे डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेले असतात, तिथे चिरा पडतात. चावी वारंवार फरशीवर पडलेली असेल तर हे हमखास होतं. भिंगातून बघितलं तर पायाभोवती केसासारखी गोल रेघ दिसते. मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर तिथे पुन्हा डाग देऊ शकतो. नवी चावी प्रोग्रामिंगसह हजारोंच्या घरात जाते, त्याआधी हे नक्की तपासा.

सेल बदलल्यावर चावी पुन्हा प्रोग्राम करावी लागते का?

नाही. चावीची ओळख आणि दर दाबाला बदलणाऱ्या कोडाचा तिचा चालू आकडा अशा स्मृतीत असतो जी वीज गेली तरी पुसली जात नाही. सेल बदलला म्हणून प्रोग्रामिंगचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका.

एक अपवाद आहे. रिमोट प्रत्येक दाबाला नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढच्या ठराविक कोडांपर्यंतच वाट बघते. मुलांनी गाडीपासून लांब बसून बटण शेकडो वेळा दाबलं तर चावी गाडीच्या पुढे निघून जाते. बहुधा गाडीजवळ लागोपाठ दोनदा बटण दाबून जुळणी होते. काही जुन्या गाड्यांत इग्निशन चालू करून लॉकचं बटण धरून ठेवावं लागतं. पद्धत पुस्तिकेत असते.

मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवतोय, तरी सेल खराब कसा?

मीटर लावल्यावर सेलवर भारच नसतो, म्हणून तो बरा दिसतो. नवा सेल ३.२ ते ३.३ दाखवतो, २.९ च्या खाली गेला की बदलायची वेळ आली. या दोन्हींच्या मधल्या सेलचा निकाल भार देऊनच लागतो. २२० ओहमचा रोधक (रेझिस्टर) सेलला दोनतीन सेकंद जोडा आणि तेवढ्यात व्होल्टेज बघा. चांगला सेल २.८ च्या आसपास किंवा वर टिकतो. थकलेला डोळ्यांदेखत २.५ च्या खाली घसरतो. रोधक जास्त वेळ ठेवू नका, तेवढ्या चाचणीनेही सेल झिजतो.

सेल चार-सहा महिन्यांतच संपतो. का?

चांगला सेल साधारण दीड ते तीन वर्षं चालतो. त्याआधीच जात असेल तर चावी कुठे राहते ते बघा. दाराबाहेरच गाडी आणि दाराच्या आत खुंटीला चावी, असं असेल तर रिमोट गाडीच्या कक्षेतच राहतो आणि काही गाड्यांत दोघांची बोलणी रात्रभर सुरू असतात. चावी दोन-तीन मीटर लांब ठेवा. टीव्ही, संगणक आणि चार्जर यांच्या शेजारीही नको. तिथल्या विद्युत गोंगाटाने रिमोट पुन्हा पुन्हा जागा होतो.

घट्ट सिलिकॉन कव्हरनेही बटण दाबलेलं राहतं. जुन्या रिमोटचं रबर फुगतं, त्याचाही हाच परिणाम.

टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांत सेल वाचवायची सोय आहे. लॉक दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं. दिवा चारदा लुकलुकला की रिमोट झोपला. गावाला जाताना किंवा दुसरी चावी कपाटात ठेवताना फार उपयोगी. कोणतंही बटण दाबलं की तो जागा होतो.

पावसात भिजला, किंवा समुद्रात पडला तर?

बटण दाबून बघायचा मोह टाळा आणि पहिल्या मिनिटात सेल काढा. ओल्या सर्किटमधून वीज वाहत राहिली की तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. पावसाचं पाणी असेल तर उघडून पुसा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. अलिबाग, तारकर्ली किंवा कळंगुटच्या खाऱ्या पाण्यात पडला असेल तर नुसतं वाळवणं घातक आहे, मीठ आत राहतं. सर्किट डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, २४ ते ४८ तास वाळू द्या आणि नवा सेल घाला. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही साधत नाही, पीठच आत जातं. हेअर ड्रायरचा गरम झोतही नको.

एका ठराविक ठिकाणीच रिमोट चालत नाही.

सेल निर्दोष. आसपास प्रक्षेपण मनोरा किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारं गेट, वायरलेस बेल असं काही असेल. रिमोट दाराच्या काचेजवळ नेऊन दाबा, नाही तर धातूची चावी आहेच. सार्वजनिक पार्किंगमध्ये लॉक केल्यावर हँडल ओढून खात्री करा, कारण अशा गोंगाटात गाडी उघडीच राहते आणि कळत नाही.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा प्रकाश दिसतो का?

नाही. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची, त्यात अवरक्त किरण असतात. गाडीचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो.

हनुवटीला टेकवून दाबलं की जास्त लांबून चालतो, खरं का?

खरं. डोकं लहरींना जोड देतं आणि काही मीटर जास्त मिळतात. शेवटच्या घटका मोजणाऱ्या सेलला एकदा उपयोगी पडेल.

लेह-लडाखला जायचंय, काही तयारी?

निघण्यापूर्वी सेल बदला आणि एक सीलबंद जादा सेल जवळ ठेवा. रात्री चावी खिडकीशी न ठेवता अंथरुणाजवळ ठेवा, सकाळी आतल्या खिशात. गारठलेला सेल मुठीत दोन मिनिटं धरला तरी पुन्हा काम देतो.

गाडी चालू असताना सेल संपला तर ती बंद पडेल?

पडणार नाही. संदेश येईल, आवाज येईल, इंजिन चालूच राहील. बंद केल्यावर पुन्हा सुरू करताना मात्र रिमोट टेकवावा लागेल.

कमजोर सेलमुळे चावी आतच राहून गाडी लॉक होऊ शकते का?

होऊ शकते. चावी आत असेल तर गाडी सहसा लॉक व्हायला नकार देते, पण त्यासाठी तिला चावीचं उत्तर मिळावं लागतं. सेल मेलेला असेल तर तिच्या लेखी आत चावीच नाही. डिकीत पिशव्या ठेवताना चावी खाली ठेवू नका, हातात किंवा खिशात ठेवा. आत मूल असताना असं झालं तर चावीवाल्याची वाट बघू नका. मुलापासून सर्वांत लांबची खिडकी फोडा. उन्हातल्या बंद गाडीत काही मिनिटांत जीव धोक्यात येतो.

लहान मुलाने सेल गिळला असेल तर?

नुसता संशय असला तरी ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करतो, वापरून संपलेला सेलसुद्धा. उलटी करायला लावू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, सहा वेळांपर्यंत. मधासाठी थांबू मात्र नका. सेलचं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना आकडा लगेच कळतो.

जुना सेल कचऱ्यात टाकला तर चालेल?

चालणार नाही. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे इतर सेलांना लागून शॉर्ट होणार नाही, आणि ई-कचरा संकलनात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे छोटे सेलही येतात. देईपर्यंत मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर, झाकणाच्या डबीत ठेवा.